संलग्न विद्यार्थी: एक अभ्यास

मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांवर पसरलेले असून, चर्चगेटच्या महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि सावंतवाडीच्या महाविद्यालयात शिकणारा मुलगा ही दोघेही कायद्याच्या दृष्टीने एकाच विद्यापीठाची लेकरे मानली जातात. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू होईपर्यंत तर या गोतावळ्यात मडगाव-म्हापशाचीही मुले होती. इतक्या लांबवर पांगलेल्या लेकरांना जवळ घेणे कोणत्याही माउलीला शक्य नसल्यामुळे ‘संलग्नता’ नावाची व्यवस्था अस्तित्वात आली. तिचा अर्थ असा, की शिकवायचे महाविद्यालयाने, फी घ्यायची महाविद्यालयाने, वर्गात न बसल्याबद्दल पालकांना बोलावून घ्यायचे तेही महाविद्यालयानेच. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, निकाल लावायचा आणि शेवटी पदवीच्या कागदावर शिक्का मारायचा. अशी आठशेहून अधिक महाविद्यालये या विद्यापीठाला जोडलेली असून, त्यांत पदवीचे शिक्षण घेणारा विद्यार्थी हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. पुणे, नागपूर किंवा कोल्हापूर येथील विद्यापीठांत तपशील निराळे असले, तरी तिकडच्या वाचकाला पुढील वर्णन परके वाटण्याचा संभव कमी आहे.

या विद्यार्थ्याचे पहिले लक्षण हे, की त्याने आपले विद्यापीठ सहसा पाहिलेले नसते. फोर्टमधला राजाबाई टॉवर त्याला ठाऊक असतो तो ओव्हल मैदानावर क्रिकेट चालू असताना मागे दिसणारी इमारत म्हणून, आणि कालिन्याचा विस्तीर्ण परिसर ठाऊक असतो तो सांताक्रूझहून कुर्ल्याकडे जाणाऱ्या बसच्या खिडकीतून. त्याच्या लेखी विद्यापीठ हे स्थळ नसून वर्षातून दोनदा येणारा प्रसंग असतो आणि त्या प्रसंगाचे नाव परीक्षा. विद्यापीठाचीही त्याच्याविषयीची कल्पना याहून फारशी निराळी नसते, कारण तिथल्या दफ्तरात तो नावापेक्षा आसन क्रमांकानेच अधिक ओळखला जातो. काही जण पुढे कालिन्यात पाऊल टाकतात हे खरे. पण ते पदवी मिळून दोन-तीन वर्षे लोटल्यावर, परदेशातील विद्यापीठात प्रवेशासाठी ‘ट्रान्सक्रिप्ट’, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांचा विद्यापीठाने प्रमाणित केलेला एकत्रित तक्ता, हवा असतो तेव्हा. आपले विद्यापीठ प्रथम पाहण्याचा योग अशा रीतीने दुसऱ्याच्या विद्यापीठात जाण्याच्या गडबडीत येतो आणि त्या भेटीतही पाहिली जाते ती मुख्यतः एक खिडकी.

याबद्दल विद्यापीठाला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण त्याचा जन्मच परीक्षा घेण्यासाठी झालेला आहे. १८५७ या एकाच वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हा त्यांच्यापुढे नमुना होता लंडन विद्यापीठाचा, आणि ते लंडन विद्यापीठ त्या काळी स्वतः काहीच शिकवत नव्हते. दुसऱ्यांनी शिकवलेल्यांना तपासून पदव्या देणे एवढेच त्याचे काम होते. १८ जुलै १८५७ रोजी, उत्तरेत कंपनी सरकारच्या अस्तित्वाचीच परीक्षा चालू असताना, मुंबईत परीक्षा घेणारी ही संस्था निघाली आणि सुरुवातीची वर्षे तिचे दफ्तर टाऊन हॉलमध्ये राहिले, कारण जिला शिकवायचे नाही तिला वर्गखोल्यांची अडचण भासत नाही. १८६२ मध्ये तिचे पहिले चार बी.ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानडे आणि भांडारकर शिकले ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात. विद्यापीठाशी त्यांचा व्यवहार झाला तो उत्तरपत्रिकेच्या मार्गाने. म्हणजे न्यायमूर्ती रानडे हेही संलग्न विद्यार्थीच होते, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्याने घरी अवश्य सांगावी. तिच्यावरून रानडे परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाला बसत असत असा निष्कर्ष मात्र काढू नये.

विद्यापीठाला स्वतःची वास्तू मिळाली ती कापसाच्या तेजीमुळे. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने १८६४ मध्ये दोन लाख रुपये ग्रंथालयासाठी आणि आणखी दोन लाख रुपये आपल्या आईच्या, राजाबाईंच्या, नावाने घड्याळाचा मनोरा उभारण्यासाठी दिले. या इमारतींचे आराखडे काढणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी ते काम लंडनमध्ये बसून केले आणि मुंबईला ते कधी आलेच नाहीत. विद्यापीठ न पाहता जर त्याची इमारत रेखाटता येते, तर ते न पाहता त्याची पदवी का घेता येऊ नये, या प्रश्नाला स्थापत्यशास्त्रात उत्तर नाही. मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. पुढे १९०० मध्ये खुद्द लंडन विद्यापीठाने आपले रूप पालटून अध्यापनाशी नाते जोडले आणि १९०४ च्या कायद्याने हिंदुस्थानातील विद्यापीठांनाही शिकवण्याची मुभा दिली. परंतु तिचा लाभ मुख्यतः पदव्युत्तर विभागांना झाला. पदवीचा विद्यार्थी होता तिथेच, म्हणजे महाविद्यालयात, राहिला. आज त्याच्या शैक्षणिक जीवनात जे जे काही चमत्कारिक दिसते, त्याचे मूळ बहुतेक करून या जन्मकुंडलीत सापडते: शिकवणारा एक, प्रश्न काढणारा दुसरा आणि उत्तर तपासणारा तिसरा असल्यामुळे, शिकणाऱ्याला या तिघांपैकी नेमके कोणासाठी शिकायचे याचा निर्णय स्वतःच करावा लागतो, आणि तो निर्णय तो पहिल्या वर्षाच्या दिवाळीपूर्वीच करून मोकळा होतो.

हा निर्णय पहिल्या प्रकारच्या माणसाच्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या, विरुद्ध जातो हे उघड असल्यामुळे विद्यापीठाने त्याच्या संरक्षणार्थ हजेरीचा अध्यादेश करून ठेवला आहे. त्यानुसार विद्यार्थ्याची हजेरी ७५ टक्के भरली पाहिजे. ज्यांची ती भरत नाही त्यांची नावे ‘डिफॉल्टर लिस्ट’ या मथळ्याखाली सूचनाफलकावर लागतात आणि तेथून पुढे हमीपत्र, पालकांची भेट आणि आजारपणाचा दाखला असे तीन विधी होतात. कोकणात आंब्याच्या दिवसांत आणि मुंबईत गणपतीच्या दिवसांत तरुण पिढी किती ठिसूळ प्रकृतीची होते, याचा अंदाज या दाखल्यांच्या गठ्ठ्यावरून येतो. शिवाय ‘प्रॉक्सी’ ही संस्था आहेच. प्रॉक्सी म्हणजे अनुपस्थित मित्राच्या क्रमांकाला आपल्या आवाजात दिलेला होकार. एकाच घशातून चार निरनिराळे आवाज काढण्याची कला महाराष्ट्रातील नाट्यचळवळीला किती उपयोगी पडली, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय ठरावा.

या नियमाचे गणित मात्र विद्यार्थ्यांनी फार बारकाईने आत्मसात केलेले असते. एका विषयाचे सत्रात ४५ तास असतील तर ११ तास चुकवता येतात, बारावा चुकला की हजेरी ७५ च्या खाली घसरते, हे ज्याला तोंडी सांगता येते, तोच विद्यार्थी संख्याशास्त्राच्या पेपरात टक्केवारीच्या उदाहरणाला हात लावत नाही. उलट बाजूने पाहता, १२० जणांच्या तुकडीतील सर्व १२० विद्यार्थी अध्यादेशाला मान देऊन एकाच दिवशी वर्गात आले, तर जुन्या इमारतींतील कित्येक वर्गांत त्यांना बसवायचे कोठे हा प्रश्न उभा राहील. तेव्हा गैरहजर विद्यार्थी हा नियमाचा भंग करतो खरा, पण जागेचा प्रश्न सोडवतो, आणि अनुभवी प्राध्यापक त्याच्याविषयी जाहीर संताप व खासगी कृतज्ञता अशी दुहेरी भावना बाळगून असतात. त्यांतील पुष्कळ प्राध्यापक स्वतःही ‘तासिका तत्त्वावर’, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते मानधन मोजून घेण्याच्या करारावर, दोन-तीन महाविद्यालयांत लोकलने ये-जा करीत शिकवत असल्यामुळे, गुरुशिष्यांची भेट हीच मुळी दोन वेळापत्रकांच्या संगमावर अवलंबून राहते.

वर्गाबाहेरचे खरे अध्ययन झेरॉक्सच्या दुकानात होते. महाविद्यालयाच्या फाटकासमोर, वडापावच्या गाडीला लागून असलेले हे दुकान वर्षातील आठ महिने ओळखपत्रांच्या आणि आधार कार्डांच्या प्रती काढून गुजराण करते. परंतु परीक्षेआधीच्या पंधरवड्यात त्याचे रूपांतर ग्रंथालयात होते. आदल्या वर्षी पहिली आलेल्या मुलीच्या सुवाच्य वह्या, मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, कोणा अज्ञाताने तयार केलेले ‘आय.एम.पी.’, म्हणजे हमखास येणाऱ्या प्रश्नांची यादी, आणि बोटाएवढ्या आकारात छापलेल्या ‘मायक्रो झेरॉक्स’ हा त्या ग्रंथालयाचा संग्रह. यांतील शेवटची वस्तू वाचण्यासाठी असते असे दुकानदार सांगतो. शालेय जीवनात ‘एकवीस अपेक्षित’ प्रश्नसंचांवर वाढलेल्या विद्यार्थ्याची अशी दृढ श्रद्धा असते, की अभ्यासक्रम ही एक अफाट आणि निर्हेतुक गोष्ट असून तिच्यातून प्रश्न काढणारा मात्र मर्यादित कल्पनाशक्तीचा, सवयीचा गुलाम असा माणूस आहे. त्यामुळे तो विषयाचा नव्हे, तर त्या माणसाचा अभ्यास करतो. गेल्या वर्षी ‘मार्क्सचा वर्गसंघर्षाचा सिद्धांत’ येऊन गेला असेल, तर यंदा वर्गसंघर्ष होणार नाही, अशी त्याची खात्री असते; आणि प्रश्न काढणाऱ्यानेही पूर्वी हेच शिक्षण घेतलेले असल्यामुळे ती खात्री बहुतेक वेळा खरी ठरते.

दुकानाच्या काउंटरवर विकली जाणारी गाईडे हा या विद्येचा लिखित भाग झाला. क्रमिक ग्रंथ लेखकाच्या विचारांच्या क्रमाने लिहिलेला असतो, गाईड गुणांच्या क्रमाने. आधी पंधरा गुणांची उत्तरे, मग साडेसात गुणांची, शेवटी टिपा. ‘टिपा लिहा (कोणत्याही दोन)’ हा प्रश्न म्हणजे विद्यापीठाने विद्यार्थ्याला दिलेले वाङ्मयीन स्वातंत्र्य होय. टिपेत विषयाची व्याख्या, प्रास्ताविक, चार मुद्दे आणि ‘अशा रीतीने’ने सुरू होणारा समारोप एवढी अंगे असली, की मधे काय भरले आहे याची चौकशी सहसा होत नाही. एका केंद्रात बसून उत्तरपत्रिका तपासण्याच्या पद्धतीला ‘कॅप’ असे संक्षिप्त नाव आहे. दिवसभरात ठरलेल्या संख्येच्या उत्तरपत्रिका संपवायच्या असलेला परीक्षक तेथे ओळी वाचत नसून उत्तराची ठेवण पाहतो, असे विद्यार्थी मानतात, आणि ही समजूत खोटी ठरवण्यासाठी लागणारा वेळ परीक्षकाजवळ नसतो.

परीक्षागृहातील व्यवस्थेला स्वतःची परिभाषा आहे. खोलीला ‘ब्लॉक’ म्हणतात; तिच्यावर देखरेख करणारा तो ‘ज्युनिअर सुपरवायझर’, मग तो निवृत्तीला टेकलेला असला तरी ज्युनिअरच; आणि साऱ्या केंद्राचा सूत्रधार ‘चीफ कंडक्टर’, ज्याच्या पदनामामुळे कोकणातून आलेल्या पालकांचा क्षणभर एस.टी.कडे ओढा होतो. प्रश्नपत्रिका पूर्वी पाकिटांतून येत असत. आता त्या परीक्षेच्या अगदी थोडा वेळ आधी संगणकावर येतात, प्रत्येक पानावर केंद्राची खूण असते, आणि पुढे चाळीस मिनिटे महाविद्यालयातील एकमेव धडक्या छपाईयंत्राचे आरोग्य हा उच्च शिक्षणाचा कणा ठरतो. विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेवर नाव लिहिण्याची बंदी असते. त्याऐवजी तिथे बारकोड असतो. पहिल्या पंधरा मिनिटांत आसन क्रमांकाचे गोल काळे करणे, दोरा आणि पट्टी मागून घेणे व समास आखणे ही कामे उरकली, की ज्याला काहीच येत नाही अशा विद्यार्थ्यालाही आपण बरेच काही केल्याचे समाधान लाभते.

उत्तराच्या लांबीचा प्रश्न मात्र एवढा सहज सुटला नाही. तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. मूळ उत्तरपत्रिका भरल्यावर जोडायच्या जादा कागदाला ‘पुरवणी’ म्हणतात आणि ती मागण्यासाठी उठलेल्या पहिल्या हाताकडे साऱ्या खोलीने द्वेषाने पाहावे, असा संकेत आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये विद्यापीठाने मूळ उत्तरपत्रिकेची पाने पुरेशी असल्याचे ठरवून पुरवण्या बंद केल्या. त्याविरुद्ध विधी शाखेच्या एका विद्यार्थिनीने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. उच्च न्यायालयाची इमारत फोर्टमधील विद्यापीठाच्या इमारतीला शेजारीच असल्यामुळे वाद घराजवळच मिटला. कमी लिहिण्याची सक्ती झाली असता अधिक लिहिण्याच्या हक्कासाठी नागरिकाने न्यायालयाची पायरी चढावी आणि जिंकावे, ही घटना परीक्षा-संस्कृतीच्या इतिहासात फार मोलाची असून, याचिकेचा मसुदा किती पानांचा होता हे कोणी पाहिल्यास बरे होईल.

आता उत्तीर्ण होण्याविषयी. शंभरांपैकी ४० गुणांना पास म्हणतात. ३९ गुण मिळवणारा विद्यार्थी आणि ४० गुण मिळवणारा विद्यार्थी यांच्या ज्ञानात जो फरक असतो, तो मोजण्याचे साधन नसल्याची जाणीव विद्यापीठालाही असावी, कारण या दोघांमधील दरी बुजवण्यासाठी त्याने ‘ग्रेस’ गुणांचे अनेक अध्यादेश केले आहेत. त्यांतील ‘अध्यादेश २२९’ विशेष लोकप्रिय आहे. राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना, क्रीडा यांसारख्या कार्यांत भाग घेणाऱ्यास त्याच्या आधारे दहा गुणांपर्यंत लाभ होतो. सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास श्रमदान, स्वच्छता, वृक्षारोपण इत्यादी करावे लागते. म्हणजे दर गुणाला बारा तास पडतात. एवढ्या तासांत एखादा गुण अभ्यास करूनही मिळाला असता, असा हिशेब काही चिकित्सक मांडतात. परंतु त्यांनी सात दिवसांच्या निवासी शिबिराची कधी कल्पना केलेली नसते. दत्तक घेतलेल्या गावात दिवसा बंधारा घालून रात्री शेकोटीभोवती गाणी म्हणणाऱ्या मुलामुलींना हे गुण द्यावेत की त्यांच्याकडून त्याबद्दल फी घ्यावी, हा प्रश्न अद्याप कोणी उपस्थित केलेला नाही.

ग्रेसनेही जो विषय तरला नाही त्याला ‘केटी’ म्हणतात. मूळ इंग्रजी नियमाचा आशय असा, की काही विषयांत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास पुढच्या सत्रात बसू द्यावे आणि राहिलेले विषय सवडीने सोडवू द्यावेत. व्यवहारात हा नियम काळाच्या स्वरूपाविषयीचा आहे. ‘एफवाय’, ‘एसवाय’ आणि ‘टीवाय’ ही पदवीच्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षांची प्रचलित नावे असून, सामान्य माणूस त्यांतून एकामागून एक जातो. केटी लागलेला विद्यार्थी मात्र तिन्ही वर्षांत एकाच वेळी वावरू शकतो. सकाळी तो टीवायच्या वर्गात आंतरराष्ट्रीय व्यापाराची चर्चा ऐकतो आणि दुपारी एफवायच्या मुलांशेजारी बसून मागणीचा नियम पुन्हा लिहितो. ‘केटी लागली’ हा वाक्प्रयोगही पाहण्यासारखा आहे: पास तो होतो, केटी त्याला लागते, जशी नजर लागते. त्यामुळे या घटनेत त्याचे कर्तृत्व शोधायला कोणी जात नाही. अशा विद्यार्थ्याभोवती खालच्या वर्गात एक आदराचे वलय असते, कारण तो परीक्षेच्या वेळापत्रकाबद्दल, अर्जाच्या अंतिम तारखेबद्दल आणि कोणत्या क्लार्ककडे कोणत्या वेळी जाऊ नये याबद्दल जेवढे सांगू शकतो, तेवढे माहितीपुस्तिकेतही नसते.

निकालाच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि काही झाले तरी ४५ दिवसांच्या आत निकाल जाहीर झाला पाहिजे. हा कायदा १ मार्च २०१७ रोजी अमलात आला, आणि त्याच उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सर्व उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरवले. उत्तरपत्रिका १७ लाखांहून अधिक होत्या. पडद्यावर त्या येईनात, आल्या तर अर्धवट येत, आणि जी आयुष्यभर लाल पेनने तपासत आली त्या बोटांना माउस मानवेना. कुलपती, म्हणजे राज्याचे राज्यपाल, यांनी ३१ जुलैची मुदत घातली, ती उलटली, गणपती आले आणि गेले, काही निकाल सप्टेंबरपर्यंत लागत राहिले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. परदेशी किंवा पुढच्या प्रवेशासाठी धडपडणाऱ्या मुलांचे त्या वर्षी खरोखर नुकसान झाले आणि त्याविषयी विनोद करण्यासारखे काही नाही. विनोद आहे तो एवढाच, की हा सारा काळ ज्या इमारतीत कुलगुरूंचे कार्यालय आहे, तिच्या आवारात शहराला वेळ सांगणाऱ्या घड्याळाचा मनोरा १८७८ पासून उभा आहे.

लागलेला निकालही सरळ असतोच असे नाही. गुणपत्रिकेवर पास आणि नापास यांखेरीज तिसरीही अवस्था असते. शेवटचे सत्र उत्तम गुणांनी पार केलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे कधी कधी ‘आर.एल.ई.’ अशी अक्षरे येतात. त्यांचा अर्थ, खालच्या परीक्षेतील विषय सुटेपर्यंत वरच्या परीक्षेचा निकाल राखून ठेवला आहे. असा तरुण पदवीधरही नसतो आणि विद्यार्थीही नसतो. नोकरीच्या अर्जात तो ‘निकाल प्रतीक्षेत’ लिहितो, नातेवाइकांना ‘निकाल लागला’ असे सांगतो, आणि दोन्ही विधाने खरी असतात. ज्यांना गुण कमी वाटतात त्यांच्यासाठी उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन हे दोन मार्ग खुले असतात. दोन्हींसाठी शुल्क पडते, पण छायाप्रत मागवलेल्या पुष्कळांना आपलेच उत्तर वाचून परीक्षकाविषयी सहानुभूती वाटू लागते, असे महाविद्यालयांच्या कार्यालयांतील जाणते कर्मचारी सांगतात.

मधूनच ‘नॅक’ येत असे. नॅक म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद. तिची समिती येण्यापूर्वी महाविद्यालयाला रंग लागे, कुंड्या येत, आणि ग्रंथालयात एरवी न दिसणारे विद्यार्थी पाळ्या लावून बसवले जात. त्या दोन दिवसांत कित्येकांना पुस्तकाची गोडी लागल्याची शक्यता नाकारता येत नाही. समिती गेली की कुंड्याही जात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० याने या विद्यार्थ्याच्या आयुष्यात नवे अंकगणित आणले आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून पदवीला लागू झाले. त्याचे परिमाण ‘क्रेडिट’, शासकीय मराठीत ‘श्रेयांक’. वर्गातील अध्यापनाच्या साधारण १५ तासांचा एक श्रेयांक होतो. सत्राला २० ते २२ आणि तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात. चौथे वर्ष केल्यास ऑनर्स मिळते. आणि मधेच बाहेर पडायचे झाल्यास अटी पुऱ्या करून एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेता येते. श्रेयांक साठवण्यासाठी ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आहे, ज्यामुळे आयुष्यात स्वतःचे बचत खाते नसलेल्या मुलाच्याही नावावर काहीतरी जमा असल्याचे घरच्यांना प्रथमच सांगता येते. विषयांची मांडणीही बदलली असून मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, व्यवसाय कौशल्य, कौशल्यवर्धन, क्षमतावर्धन, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि सहअभ्यासक्रम अशा कप्प्यांतून निवड करायची असते. हेतू उदात्त आहे: वाणिज्याच्या विद्यार्थ्याला संगीत शिकता यावे, विज्ञानाच्या विद्यार्थिनीला इतिहास. प्रत्यक्षात खुला ऐच्छिक विषय तोच असतो, ज्याचा शिक्षक महाविद्यालयात मोकळा असतो आणि ज्याचा तास एखाद्या रिकाम्या खोलीच्या वेळेशी जुळतो. निवड संपूर्णपणे विद्यार्थ्याची राहावी म्हणून अर्जावर एकच पर्याय छापलेला असतो. पहिल्या महिन्यात विद्यार्थ्याला या कप्प्यांची इंग्रजी आद्याक्षरे पाठ करावी लागतात आणि ती पाठ होईपर्यंत पहिली अंतर्गत चाचणी येऊन ठेपते; अंतर्गत चाचणी म्हणजे महाविद्यालयाने स्वतः घेतलेली परीक्षा, जिच्यात नापास होण्यासाठी विद्यार्थ्याला विशेष प्रयत्न करावे लागतात.

अभ्यासक्रम बदलला की जुना संपतो, असा बाहेरच्यांचा समज असतो. तसे होत नाही, कारण जुन्या अभ्यासक्रमाची केटी शिल्लक असते. गेल्या पंधरा वर्षांत श्रेयांक पद्धती आली, अंतर्गत आणि लेखी गुणांची प्रमाणे पुनःपुन्हा बदलली, विषयांची नावे फिरली. पण प्रत्येक बदलाच्या वेळी मागे राहिलेल्यांसाठी ‘जुना पॅटर्न’ म्हणून वेगळी परीक्षा ठरावीक मुदतीपर्यंत घ्यावीच लागते, आणि मुदत संपली की बहुधा एखादी विशेष संधी निघते. त्यामुळे सत्राच्या वेळापत्रकात एखादा असा दिवस येतो, जेव्हा एका केंद्रावर एका विषयाला एकच परीक्षार्थी असतो. त्याच्यासाठी प्रश्नपत्रिका काढणारा नेमलेला असतो, तिचे परीक्षण झालेले असते, ती सुरक्षित मार्गाने संगणकावर येते आणि तिची एकच प्रत छापली जाते. त्याच्यासाठी एक ब्लॉक उघडला जातो, एक ज्युनिअर सुपरवायझर, एक सीनिअर सुपरवायझर, एक शिपाई आणि एक पाणी देणारा हजर असतो, फळ्यावर त्याचा आसन क्रमांक लिहिला जातो, आणि अहवालाच्या तक्त्यात ‘नोंदणी १, उपस्थित १’ अशी नोंद होते. लाखो विद्यार्थ्यांच्या या विद्यापीठात एवढे वैयक्तिक लक्ष दुसऱ्या कोणत्याही पदवी विद्यार्थ्याच्या वाट्याला येत नाही. तो दहा मिनिटे उशिरा येतो, प्रश्नपत्रिका दोन्ही बाजूंनी वाचतो, आणि पहिल्या अर्ध्या तासात परीक्षागृह सोडण्याची परवानगी नसल्यामुळे उरलेली वीस मिनिटे समास आखतो.